चढाईपटूच्या हातात वल्हं

*ताई, नमस्कार. मी देवगड तालुक्यातला, वय २७. नाव छापू नका, गावात सगळे ओळखतात. शाळेपासून कबड्डी खेळतोय, चढाई करतो. राज्य अजिंक्यपद स्पर्धेत दोनदा जिल्ह्याकडून खेळलो. गेली चार वर्षं मुंबईच्या एका कंपनीच्या संघात कंत्राटावर होतो, त्यावरच घर चालायचं. यंदा कंत्राट वाढवलं नाही. "नवीन मुलं घ्यायची आहेत" एवढंच सांगितलं. दुखापत नाही, दम आहे, पण पहिल्या पावलाचा झटका पूर्वीसारखा राहिला नाही, हे माझं मलाच कळतं. उंची पाच फूट आठ इंच, वजन ७२ किलो.*

*आता घरी आलोय. पोरं म्हणतात, टेनिस बॉल क्रिकेट मनावर घे, तुझा फटका लांब जातो. सैन्यातला एक मित्र म्हणतो, रोइंग कर, दर्यात वाढलेला माणूस तू, वल्हं हातातच आहे. किनाऱ्यावरून पळत जाऊन होडी मारायचा एक नवा प्रकार ऑलिंपिकमध्ये येतोय म्हणे. बाबा म्हणतात, "आता पुरे झाला तुजा, चल माज्यावांगडा दर्यात." माझा प्रश्न सरळ आहे. एका खेळावर पोट भरलेला माणूस दुसऱ्या खेळात खरंच काही करू शकतो, की या नाक्यावरच्या गप्पा?*

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना 'पहिल्या पावलाचा झटका' या शब्दांशी थांबले. बहुतेक खेळाडू हे कबूल करायला आणखी दोन-तीन वर्षं घेतात. तोवर पंच वाईट, संघव्यवस्थापन वाईट, मॅट निसरडी असं सगळं होऊन जातं. तुला नेमकं काय गेलं ते कळलंय, म्हणजे काय उरलंय तेही शोधता येईल. तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या उरलेल्या गोष्टीत आहे.

आधी माझी फजिती सांगते. मी खो-खोतली. विद्यापीठापर्यंत खेळले, पळतीत बरं नाव होतं. नोकरीला लागल्यावर कुणीतरी म्हणालं, एवढं पळतेस, तर शिक्षकांच्या जिल्हा स्पर्धेत ८०० मीटर धाव. धावले. पहिले दीडशे मीटर सगळ्यांच्या पुढे. नंतर पायांना कळेचना की वळायचं कधी. खो-खोचं मैदान २७ मीटर लांब. त्या लांबीत माझं शरीर वाढलेलं, खांब आला की गिरकी घ्यायची त्याला सवय. ८०० मीटरच्या ट्रॅकवर खांब नसतो रे. शेवटून दुसरी आले. शेवटची होती ती बाई आठ महिन्यांपूर्वी बाळंत झालेली.

तेव्हापासून मी एक गोष्ट मानते. 'हा मूळचाच खेळाडू, कुठेही चमकेल' हे वाक्य चहाच्या टपरीवर ठीक आहे. शरीर मात्र 'खेळ' असं काही शिकत नाही. ते २७ मीटर शिकतं, तीस सेकंदांची चढाई शिकतं, समोरच्या कोपरारक्षकाचा खांदा कुठे झुकला ते शिकतं. आणि याची साक्ष तुझ्या स्वतःच्या कारकिर्दीत आहे. मातीवरून मॅटवर गेलास तेव्हा काय झालं आठव. खेळ तोच, नियम तेच, तरी बूट चढवल्यावर मातीतले किती नावाजलेले गडी वर्षभर चाचपडत राहिले! एका खेळातल्या एका बदलाला एवढा वेळ, तर अख्खा खेळ बदलायला किती लागेल?

मोठ्या नावांची उदाहरणं तुला नाक्यावर ऐकवली असतीलच, म्हणून पटकन उरकते. मायकल जॉर्डन बास्केटबॉलमध्ये लागोपाठ तीन अजिंक्यपदं मिळवून १९९४ साली बेसबॉल खेळायला गेला, तेही दुय्यम दर्जाच्या लीगमध्ये. सरासरी पडली .२०२, म्हणजे शंभरदा बॅट घेऊन उभा राहिला तर जेमतेम वीसदा चेंडू नीट लागला. पुढच्या मार्चमध्ये परत बास्केटबॉलच्या कोर्टवर. उसेन बोल्टने २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या सेंट्रल कोस्ट मरिनर्स या फुटबॉल क्लबात चाचणी दिली, एका सराव सामन्यात दोन गोलही मारले, पण करार काही झाला नाही. जगातला सगळ्यात वेगवान माणूस, आणि फुटबॉलला तेवढंच पुरलं नाही.

मला जास्त आवडतं ते दुसरं उदाहरण, कारण ते तुझ्या क्रिकेटच्या बेताला थेट लागू पडतं. अमेरिकेत जेनी फिंच नावाची सॉफ्टबॉलची गोलंदाज होती. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू खालून, अंडरआर्म टाकतात. २००४ साली एका प्रदर्शनी सामन्यात तिच्यासमोर आल्बर्ट पुहोल्स, माइक पियाझा असे बेसबॉलमधले दादा फलंदाज उभे केले. चेंडू बेसबॉलपेक्षा मोठा, गतीही काही जगावेगळी नाही. तरी तिने त्यांना बॅट लावू दिली नाही. का? कारण कसलेला फलंदाज चेंडू पाहून खेळतच नाही. ताशी १४० किलोमीटरचा चेंडू आपल्या क्रिकेटमध्ये साधारण अर्ध्या सेकंदात फलंदाजापर्यंत पोचतो, आणि डोळ्याने पाहून शरीर हलायलाच त्यातला पाव सेकंदाच्या आसपास जातो. मग फलंदाज काय वाचतो? गोलंदाजाचा खांदा, मनगट, चेंडू सुटण्याआधीची हालचाल. हजारो चेंडू खेळून डोळ्यात साठवलेलं असतं ते. हात खालून आला की ती सगळी पुंजी फुकट.

आपल्याकडे हे रोज दिसतं. मुंबईहून लेदर बॉलचा चांगला क्लब क्रिकेटपटू गणपतीत गावी येतो, हौसेने अंडरआर्मच्या मॅचला उतरतो, आणि आपला दहावी नापास बंड्या त्याचा दुसऱ्याच चेंडूला दांडा उडवतो. गाव वर्षभर हसतं.

तुझ्याबाबतीत हे उलटं होणार. तुझा फटका लांब जातो, मान्य. चढाईपटूची कंबर आणि मांड्या आहेत, चेंडू लांब जाणारच. पण टेनिस बॉलच्या नाईट स्पर्धा ज्यांच्या जिवावर चालतात ती पोरं पंधरा-पंधरा वर्षं तेच एक करतायत. २०२४ पासून टेनिस बॉलची दहा षटकांची आयएसपीएल (इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग) ही लीगही सुरू झाली आहे, म्हणजे आता या पोरांना गल्लीबाहेरही भाव आहे. तू तिथे डोळे घेऊन जाशील ते कबड्डीचे. कोपऱ्यातला गडी कधी झेपावेल हे तुला त्याच्या टाचेवरून कळतं, पण उजव्या हाताचा गोलंदाज कटर टाकणार की सरळ, हे कळायला तुला चार-पाच हंगाम लागतील. तेव्हा तू बत्तीसचा. शिमग्याच्या सुट्टीत खेळ, मंडळाला जिंकून दे, मालिकावीराची दुचाकी मिळाली तर मला पेढे पाठव. त्यावर घर चालवायचा विचार करू नकोस.

मग खेळ बदलून कुणी यशस्वी होतच नाही का? होतात. कोण होतात ते नीट बघ.

साताऱ्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबर. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीन वर्षं पहिली. मग तिने ३००० मीटर स्टीपलचेस धरली. २०१४ च्या आशियाई स्पर्धेत कांस्य, आणि २०१६ साली रिओला थेट अंतिम फेरीत जाऊन दहावी. पी. टी. उषानंतर ३२ वर्षांनी ऑलिंपिकच्या ट्रॅकवर अंतिम फेरी गाठणारी पहिली भारतीय. तिने इंजिन तेच ठेवलं, रस्ता बदलला. अडथळे ओलांडायला शिकावं लागलं, पण फुफ्फुसं आणि पाय आधीच तयार होते.

इराणचे कबड्डीपटू बघ, तुला तर त्यांची पकड अंगावर आठवत असेल. त्यांच्यातले कितीतरी कुस्तीतून आले. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत त्यांनी उपांत्य फेरीत भारतालाच घरी पाठवलं. मल्लाला पाय धरून माणूस खाली आणायचं शिकवावं लागत नाही.

आणि हेलन ग्लोव्हर. ब्रिटनने २००७ मध्ये रोइंग वगैरे खेळांसाठी उंच आणि दणकट माणसं शोधायची मोहीम काढली. ही हॉकी खेळलेली, क्रॉस कंट्री धावलेली, शारीरिक शिक्षणाची शिक्षिका (म्हणून माझी लाडकी). उंची अटीपेक्षा जराशी कमी, म्हणून मोजताना चवड्यांवर उभी राहिली, असं तिनेच सांगितलंय. २००८ मध्ये पहिल्यांदा बोटीत बसली आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये यजमानांचं पहिलं सुवर्ण तिच्या जोडीने आणलं. चार वर्षांत!

फरक लक्षात येतोय ना? क्रिकेट, बेसबॉल, टेनिस यांत समोरच्याला वाचावं लागतं, आणि ते वाचन लहानपणी सुरू करावं लागतं. रोइंग, सायकलिंग, बर्फावर घसरगाडीने जायचे ते खेळ, यांत ताकद, दम आणि एकच हालचाल लाख वेळा बिनचूक करायची चिकाटी लागते. उशिरा आलेला माणूस दुसऱ्या प्रकारात टिकतो.

म्हणून तुझा सैन्यातला मित्र सगळा चुकलेला नाही. पण तो जे कारण देतो ते चुकीचं आहे.

'दर्यात वाढलास म्हणून रोइंग जमेल' हे डोक्यातून काढ. आपल्या महाराष्ट्राचा रोइंगपटू दत्तू भोकनळ कुठला? नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातला, जिथे प्यायच्या पाण्याची मारामार. वडिलांबरोबर विहिरी खोदायच्या कामाला जायचा. २०१२ मध्ये सैन्यात गेला, पुण्याला बोटीत बसवला, तेव्हा पाण्याची भीती वाटायची. चार वर्षांनी रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरीत तेरावा आला, आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या बोटीत सुवर्ण. पाण्याची सवय नसताना हे झालं, कारण त्याच्याकडे सहा फुटांहून जास्त उंची आणि विहीर खोदलेली पाठ होती.

साध्या रोइंगमध्ये, म्हणजे संथ पाण्यात २००० मीटरच्या शर्यतीत, तुझं पाच फूट आठ इंच आडवं येईल. उंच माणसाचं वल्हं एका हिसक्यात लांब जातं, त्याला इलाज नाही. पूर्वी हलक्या वजनाचा वेगळा गट होता, पण पॅरिसनंतर ऑलिंपिकमधून तो गेला. शिवाय ती शर्यत सहा-सात मिनिटांची. तुझं इंजिन तीस सेकंद पेटायचं, मग उभं राहून श्वास घ्यायचा, असं घडवलेलं आहे.

पण तो 'नवा प्रकार' तू पत्राच्या शेपटाला टाकलास, आणि मी त्याच्यावरच अडकले. त्याला बीच स्प्रिंट म्हणतात, २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तो पहिल्यांदा येतोय. पुळणीवरून पळत सुटायचं, पाण्यात दोन माणसं धरून उभी असतात त्या बोटीत उडी मारायची, बोयांमधून नागमोडी २५० मीटर बाहेर वल्हवायचं, शेवटच्या बोयाला वळसा घालायचा, सरळ २५० मीटर परत, मग बोटीतून उडी आणि पुन्हा वाळूतून धावत जाऊन बझरवर हात मारायचा. दोघंच समोरासमोर, हरला तो बाहेर. एकूण तीनेक मिनिटांचा मामला. बोटही वेगळी, रुंद आणि मागून उघडी, आत आलेलं पाणी आपोआप वाहून जातं.

हे वाचून तुला काही ओळखीचं वाटलं का? मध्यरेषा ओलांडून आत जा, समोरच्याच्या अंगणात काम कर, वळ, आणि जीव खाऊन परत येऊन रेषेला हात लाव. मला तर वाचताना चढाईच दिसली!

यात तुझ्याकडचं बरंच काही कामाला येईल. वाळूत धावायची सवय मुंबईच्या जिममधल्या पोराला नसते, तुला आहे. लाट कधी फुटणार, दोन लाटांच्या मधली सपाटी किती वेळ राहते, वारा कुठल्या अंगाने बोट फिरवतो, हे तू न शिकता शिकलास. संथ पाण्याच्या रोइंगमध्ये याची किंमत शून्य होती, इथे आहे. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढली असशीलच. टाचा वाळूत रोवून, पाठ ताठ ठेवून, पायांच्या जोरावर मागे रेलायचं, हात शेवटी. रोइंगचा हिसका तसाच असतो, आधी पाय, मग पाठ, मग हात. नवशिक्याला प्रशिक्षक हेच सांगून सांगून दमतात.

आणि डू ऑर डाय चढाईला, म्हणजे गुण नाही मिळाला तर बाद अशा चढाईला, उभा राहिलेला गडी दोघांच्या शर्यतीत घाबरत नाही.

आडवं काय येईल तेही ऐक. बाबांच्या होडीवर तू जसं वल्हं मारतोस ते विसरावं लागेल. जुनी सवय नव्या सवयीसारखी दिसली की जास्त छळते. मी शाळेत हे शंभरदा पाहिलंय. बॅडमिंटनचा मुलगा टेनिसला नेला की मनगट मारतो, आणि ते मनगट सोडवायला कोऱ्या मुलापेक्षा दुप्पट वेळ लागतो. रोइंगच्या बोटीत बैठक सरकती असते, तोंड उलट दिशेला, आणि वीस वर्षांचं पोर तुला सांगणार की काका, हात लवकर वाकवताय. कंपनीच्या संघातून आलेल्या माणसाला हे सहन होतं का, हा मला पडलेला सगळ्यात मोठा प्रश्न आहे. वर्षभर तू खालून पहिला असशील. झेपेल?

पैशाचं आधी बघ, कारण पत्रात तू ते अर्ध्या वाक्यात उरकलंस. राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. तुझी कबड्डीची प्रमाणपत्रं क्रीडा खात्याकडून पडताळून घेतलीस का? नसतील तर उद्या ओरोसला जिल्हा क्रीडा कार्यालयात जा, कुठली प्रमाणपत्रं चालतात ते विचार आणि अर्ज टाक. कितीतरी पोरं ट्रंकेत कागद ठेवून वय घालवतात. कबड्डी सोडली म्हणून कबड्डीने मिळवलेलं सोडायचं नसतं. शिवाय गावोगावच्या मंडळांना प्रशिक्षक हवेच असतात, पहिल्या पावलाचा झटका शिकवायला स्वतःच्या पायात तो असावा लागत नाही. जमलं तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम कर.

आणि बाबांवर रागवू नकोस. 'पुरे झाला' म्हणणारा बाप चार वर्षं तुझ्याशिवाय होडी ओढत होता.

आता काय करायचं ते. आत्ता ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद आहे, होड्या झावळांखाली झाकलेल्या. तेवढ्या दिवसांत कणकवलीला किंवा जिथे रोइंग मशीन असेल त्या व्यायामशाळेत नाव घाल. आठवड्यातून चार दिवस. पहिल्याच आठवड्यात दोन वेळा नोंद, एक ५०० मीटरची, दुसरी २००० मीटरची. जगातले वरच्या फळीतले पुरुष २००० मीटर सहा मिनिटांच्या आत काढतात, त्याच्याशी तुलना करून रडायचं नाही, तुझी तुझ्याशी तुलना कर. ५०० चांगली आणि २००० वाईट निघेल, हा माझा अंदाज. सहा आठवड्यांनी दोन्ही पुन्हा. २००० ची वेळ ठसठशीत उतरली, तर शरीर शिकतंय. मग मित्राला सांग, पुण्याला रोइंगच्या प्रशिक्षकासमोर उभं राहायची सोय कर म्हणून, आणि त्याच्याकडून कोस्टल बोटीवर कुठे बसता येईल ते काढून घे. वेळ तिथेच अडकली, तर मित्राचे आभार मान आणि क्रीडा कार्यालयाच्या फायलीकडे वळ.

नारळी पौर्णिमेला नारळ सोडून झाला की बाबांबरोबर जा, महिनाभर. लाजायचं कारण नाही, तेवढे पैसेही येतील आणि पाठ सुटणार नाही. पण होडीवरून उतरलास की पुळणीवर पन्नास मीटरचे दहा झटके मारायचे, ओल्या वाळूत नव्हे, कोरड्या. गाव हसेल. हसू दे.

दोन्ही वेळा मला लिहून कळव. पहिल्या दिवशी २००० मीटर संपल्यावर उलटी झाली की नाही, तेही लिही. मला झाली होती, ८०० मीटरला.